हँडलच्या पोटातलं कापड

हल्ली टाकेमास्तरांच्या नावाने गल्लीत ओरड आहे. बॅग एकदा त्यांच्या ताब्यात दिली की परत मिळायची आशा सोडा, म्हणे. कुलूप दुरुस्तीला टाकावं तर मास्तर हँडल उसवून बसतात, आणि का म्हणून विचारलं तर "बघत होतो," एवढंच उत्तर. परवा एका गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं, "मास्तर, वय झालं तुमचं. दिसत नाही आता." मास्तर नुसते हसले. अहो, दिसत नाही कसलं! उलट आत्ता कुठे दिसायला लागलंय, आणि सगळी भानगड तिथेच आहे. पण हे मधूनच सांगून कळायचं नाही, पहिल्यापासून सांगायला हवं.

टाकेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव लाइटबिलावर असेल, तेवढंच. धंदा जुन्या चामडी बॅगा दुरुस्त करण्याचा. चाकं लावलेल्या, विमानतळावर घरंगळत नेतात त्या नव्हेत. त्यांना मास्तर ‘प्लॅस्टिकची बादली’ म्हणतात. इथे काम चालतं ते आपल्या पणजोबांच्या काळातल्या, जाड चामड्याच्या, पितळी कुलपांच्या, रिकामी उचलली तरी खांदा निखळेल अशा बॅगांचं. या बॅगा जमवणारे शौकीन लोक असतात. त्यांना बॅग घेऊन कुठेही जायचं नसतं. घरात एकावर एक रचायच्या, आल्यागेल्याला दाखवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मऊ फडक्याने पुसायच्या. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मास्तरांची खोली म्हणजे दोन इमारतींमधला एक छप्पर घातलेला बोळ. समोर सायकली लावलेल्या, शेजारी लाँड्री. लाँड्रीच्या वाफेने मास्तरांची भिंत बारा महिने घामेजलेली असते. खिडकीशी एक लाकडी पाट, त्यावर भोकं पाडायची आरी, चामडं कापायची रापी, मेणाचा गोळा, जाड दोऱ्याची रिळं. पाटाच्या मधोमध घासून घासून खळगा पडलाय. त्यात मास्तरांचं मनगट बरोबर बसतं, दुसऱ्या कुणाचं बसत नाही.

हँडल हा मास्तरांचा हातखंडा. बॅगेचं हँडल दिसायला साधं, पण त्याच्या पोटात दोरीचा घट्ट पीळ असतो. त्यावर चामडं गुंडाळायचं आणि खालच्या बाजूने टाके घालायचे. पीळ चांगला असेल तर माणूस जातो, हँडल राहतं. ज्या म्हातारबाबांच्या हाताखाली मास्तर हे शिकले त्यांचा एक नियम होता: धड हँडल उघडायचं नाही. तुटलंय ते जोडा, उसवलंय ते शिवा, पण जे धड आहे त्याच्या पोटात बोट घालू नका. "उघडलेलं हँडल आणि उघडलेलं तोंड, पुन्हा पहिल्यासारखं मिटत नाही," असं म्हातारबाबा म्हणायचे. मास्तरांनी हा नियम जन्मभर पाळला. हँडलच्याही बाबतीत आणि तोंडाच्याही.

तोंडाचं म्हणाल तर ते घराण्यातच होतं. मास्तरांचे वडील वाईट माणूस नव्हते. मारझोड नाही, व्यसन नाही, पगार वेळेवर घरात. फक्त एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की बोलणं बंद. तेही दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. घरात ताटांचा आवाज, नळाचा आवाज, घड्याळाचा आवाज, आणि माणसाचा आवाज नाही. आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. दिवसभर तिथे शंभर माणसांची बडबड ऐकायची आणि संध्याकाळी या मुक्या घरात यायची. किती दिवस सोसणार?

एका सकाळी तिने माहेरून आणलेली चामडी बॅग भरली आणि निघाली. मास्तर तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि धावत सुटले. एकच बूट सापडला, तोच घातला आणि पळाले. बसस्टँडवर खांबाआड उभे राहून बघतात तर आईने पायरीवर पाय ठेवलेला, आणि तेवढ्यात हँडल एका बाजूने निखळलं. बॅग धाडकन खाली. कंडक्टरने घंटी मारली, बस गेली. आई तशीच बॅगेवर बसली. बराच वेळ बसली. मग तिला खांबाआडचं पोर दिसलं, एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. ती उठली, बॅग पोटाशी धरली आणि म्हणाली, "चल घरी. हँडल तुटलं."

बस, एवढंच. घरी कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

पुढे मास्तर काम शिकले तेव्हा घरी केलेलं पहिलं काम म्हणजे ती बॅग. पिळाला दोरी नव्हती, तर आईचा कँटीनमधला जुना ॲप्रन फाडला. पांढऱ्यावर निळे ठिपके. त्याची पट्टी पिळून पिळून हँडलच्या पोटात भरली आणि वरून चामडं शिवलं. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "एवढं पक्कं करतोयस? भीती नाही वाटत तुला?" मास्तरांनी मान वर केली नाही. आई हसली, त्यांच्या डोक्यात टपली मारली आणि उठून चहा ठेवायला गेली. त्यानंतर त्या विषयावर दोघांत अक्षर निघालं नाही.

ही गोष्ट मास्तरांनी अगदी अलीकडेपर्यंत एकाच माणसाला सांगितली होती. बायकोला नाही. पोपटला.

पोपट म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. कविता धडाधडा म्हणायचा म्हणून मास्तरांच्या आईनेच ठेवलेलं नाव. त्याची आई लवकर गेलेली, त्यामुळे तो यांच्याच घरी पडीक असायचा. पहिलं ताट पोपटला, मग घरच्यांना, हा त्या माउलीचा शिरस्ता. मोठेपणी पोपटने हमरस्त्यावर जुन्या बॅगांचं दुकान टाकलं. काचेची दारं, पिवळे दिवे, कोरडी गार हवा. भंगारातून, लिलावातून माल आणायचा, मास्तरांकडून नीट करून घ्यायचा आणि शौकिनांना विकायचा. आणि विकायचा कसा! ही बॅग सर्कशीत सिंह खेळवणाऱ्याची, ही प्रेमभंग झालेल्या न्यायाधीशाची, हिच्यातून म्हणे एकाने आपलं तान्हं पोर पळवून नेलं होतं. गिऱ्हाइकाचे डोळे पाणावायचे. मास्तर कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसायचे, कारण तो न्यायाधीश आणि तो सिंहवाला, दोघे एकाच भंगाराच्या ढिगातून आले होते हे त्यांना ठाऊक असायचं. "लेका, तू बॅग विकतच नाहीस," ते म्हणायचे, "तू थाप विकतोस आणि बॅग वर फुकट देतोस." दोघे पोट धरून हसायचे. चालायचंच, म्हणायचे मास्तर. दुसऱ्याच्या आजोबांवर मारलेली थाप आपल्याला कुठे बोचते?

आई गेली. आवराआवर करताना बायको म्हणाली, "अहो, ही जुनी बॅग कशाला अडगळ? निदान पांघरुणं तरी ठेवते तिच्यात." बिचारीने सरळ मनाने विचारलं होतं. मास्तरांना सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही असेल. पण आई एकदा आपल्याला टाकून निघाली होती, हे बायकोपुढे कसं उच्चारायचं? ते गप्प झाले. बापासारखेच गप्प झाले. आठवडाभर बायको विचारत राहिली, काय झालं, माझं काय चुकलं, आणि हे ताटाकडे बघत राहिले. मग एक दिवस बॅग उचलली आणि पोपटच्या दुकानात नेली.

आपल्या खोलीत ठेवायची सोय नव्हती. लाँड्रीच्या वाफेने महिन्याभरात बुरशी धरली असती. पोपटकडे हवा कोरडी. आणि त्या दिवशी, बंद दुकानात बॅग मध्ये ठेवून, मास्तरांनी पोपटला बसस्टँडची गोष्ट सांगितली. सांगताना रडले. पोपटही रडला. खरंच रडला, उगाच का खोटं बोला. "अरे, ती माझीही आईच," म्हणाला. "वरच्या फळीवर ठेवतो. विकायची नाही, दाखवायची नाही. मी आहे ना!" मास्तरांनी जाड कापडाची गवसणी शिवली, खालून नाड्या बांधल्या आणि बॅग वर चढवली.

त्यानंतर माल पोचवायला गेले की मास्तर आधी मान वर करायचे. गवसणी जागेवर दिसली की बरं वाटायचं. एकदोनदा म्हणाले, "खाली काढ रे, तेल लावू तिला." पोपट म्हणायचा, "झालंय लावून. तू कशाला शिडीवर चढतोस या वयात? मी बघतो." सख्ख्या भावाने बघितलं नसतं इतकं हा बघतो, असं मास्तरांना वाटायचं. मोठ्या भाबडेपणाने ते हे चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

या बाई म्हणजे हसऱ्या, मोकळ्या, शौकिनांतल्या शौकीन. दवाखान्यात बसायच्या जागी सुद्धा त्यांनी जुन्या बॅगा मांडल्या आहेत. दाढ काढायला आलेला माणूस निदान त्या बघत तरी बसतो. एका भाच्याने त्यांची लाडकी बॅग हँडलला धरून झोके दिले आणि हँडल एका टोकाने उचकटलं. ती घेऊन आल्या होत्या. काळी, तकतकीत, मोठी बॅग. मास्तरांनी ओळखली. मागच्या हिवाळ्यात त्यांनीच पोपटसाठी नीट केलेली. हँडल पोपटनेच सुटं आणून दिलं होतं, जुन्या मालातलं म्हणून. धड होतं, उघडायचा प्रश्न नव्हता. त्यांनी नुसतं बसवलं होतं.

"मास्तर, जपून हं," बाई म्हणाल्या. "या हँडलमध्येच तर सगळी गोष्ट आहे."

"कसली गोष्ट?"

"तुम्हाला नाही सांगितली पोपटशेठनी? अहो, एका जहाजाच्या कप्तानाची बायको होती. नवरा महिनोन्‌महिने बोलायचा नाही. एक दिवस ती ही बॅग भरून बंदरावर गेली. शिडीवर पाय ठेवला आणि हे हँडल तुटलं. जहाज गेलं. वळून बघते तर तिचा लहान मुलगा खांबाआड उभा. एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी." बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "मला तो एक बूट विसरता येत नाही हो."

मास्तरांच्या हातातली आरी तशीच राहिली. कानात नुसता लाँड्रीच्या यंत्राचा आवाज.

बाई डोळे पुसून हसल्या. "गंमत सांगते. आमच्या शौकिनांच्या बैठकीत आणखी दोघांच्या बॅगांची हीच गोष्ट निघाली! एकाची म्हणे कुणी गाणारी बाई, एकाची कारखानदाराची सून. बूट मात्र तिन्हीकडे एकच. आम्ही इतके हसलो! म्हटलं, सगळ्या बायका एकाच दिवशी परत फिरल्या की काय? पण माझीच खरी. पोपटशेठनी शपथ घेऊन सांगितलंय."

"ठेवून जा," मास्तर कसेबसे म्हणाले.

बाई गेल्या. मास्तर बसून राहिले. अंगाची लाही लाही होत होती, तरी मन पोपटची वकिली करत होतं. बोलण्याच्या भरात निघून गेलं असेल. आईवर त्याचाही जीव होता. नाव तर सांगितलं नाही ना? जहाज म्हणाला, बसस्टँड नाही म्हणाला. माणसाला जिथे विश्वास ठेवायची सवय असते तिथे तो किती लांबवर पाय ओढत जातो बघा!

मग हात कामाला लागले. हँडल तुटलेलं होतं, म्हणजे उघडायला नियमाची आडकाठी नव्हती. मास्तरांनी खालचे टाके कापले, चामडं उलगडलं. आत दोरी नव्हती. आत पिळून पिळून बसवलेलं कापड होतं. पिवळं पडलेलं, पण रापीच्या टोकाने उलगडलं तसे आतल्या घडीतले निळे ठिपके जसेच्या तसे.

मास्तरांनी रापी खाली ठेवली. त्यांनी ती पट्टी नाकाशी नेली. रंगाचा आणि स्पिरिटचा वास आला. दुसरा कुठलाच वास उरला नव्हता.

आणि मग एकेक आठवायला लागलं. मागच्या हिवाळ्यात पोपटने फक्त हँडल आणलं नव्हतं. कोपऱ्यांचे चार तुकडे आणले होते, झाकणाचं एक मोठं ठिगळ आणलं होतं. सगळं काळं रंगवलेलं. मास्तरांनी ते रापीने तासून पातळ केलं होतं, दुसऱ्यांच्या बॅगांना ठिगळं म्हणून शिवलं होतं. वर कौतुकही केलं होतं: "काय चामडं आहे रे! कुणीतरी जिवापाड वापरलेलं दिसतंय." पोपट म्हणाला होता, "हो ना." तोंडातल्या तोंडात म्हणाला होता, हे आता आठवलं.

तुम्ही म्हणाल, एवढा कारागीर आणि घरचं चामडं हाताला ओळखू आलं नाही? अहो, कसं येणार? ती बॅग वरच्या फळीवर आहे हे पक्कं ठाऊक असताना हातातल्या तुकड्यावर संशय कोण घेईल? आपलं माणूस जिथे ठेवलंय तिथेच आहे असं आपण धरून चालतो. आणि धड हँडल उघडायचं नाही, हा नियम. एक टाका कापला असता तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. ज्या नियमाचा जन्मभर अभिमान मिरवला त्याच नियमाने डोळ्यांवर पट्टी बांधली.

मास्तर उठले, खोलीला कुलूपही न लावता हमरस्त्यावर गेले. दुकानात पोपट एका जोडप्याला काहीतरी सांगत होता. मास्तरांनी मान वर केली. गवसणी जागेवर होती. कोपरे टोकदार, नाड्या बांधलेल्या, अगदी त्यांनी बांधल्या होत्या तशा. क्षणभर त्यांना वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. बॅग तर आहे!

त्यांनी शिडी ओढली. पोपट बोलता बोलता थांबला. "अरे, थांब, पडशील... मी काढतो..." मास्तर वर चढले आणि दोन्ही हातांनी गवसणी उचलली. वजन लागेल म्हणून जोर लावला होता, ती अशी भसकन वर आली की तेच शिडीवरून जायचे. खाली उतरून त्यांनी नाड्या सोडल्या. आत पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं. पंख्याचं खोकं, वर पंख्याचं चित्र.

जोडपं हळूच बाहेर सटकलं.

"ऐक," पोपट म्हणाला. "ऐकून तर घे. तळ कुजला होता रे तिचा. कसर लागली होती. तुला कळलं असतं तर तुझ्या जिवाला लागलं असतं. जेवढं वाचलं तेवढं मी कामाला लावलं. तू नाही का हेच करत? मेलेल्या बॅगेचं चामडं जिवंत बॅगेला लावतोस ना?"

मास्तरांना एक क्षण ते खरंही वाटलं. तो बोलायचाच तसा. मग त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "मग हे कशाला चढवलंस?"

पोपट शिडी उचलून भिंतीला लावायला गेला.

"कुजली होती तर बोलवायचं होतंस. मी येऊन बघितलं असतं, रडलो असतो, घरी नेली असती. हे खोकं शोधून, मापाचं आणून, माझ्या हातच्या गवसणीत घालून, माझ्या नाड्या माझ्यासारख्याच बांधून वर का ठेवलंस?"

"तू वर बघायचास ना," पोपट म्हणाला. "तुला बरं वाटायचं."

इतके दिवस आपण मान वर करत होतो तेव्हा हा खाली उभा राहून आपल्याकडे बघत होता, हे मास्तरांना तेव्हा कळलं. पंख्याच्या खोक्याला आपण मनातल्या मनात ‘येतो आई’ म्हणून निघत होतो आणि हा ते बघत होता. त्यांना भयंकर लाज वाटली.

"आणि गोष्ट?" त्यांनी विचारलं.

"गोष्टीचं काय? गोष्ट कुठे झिजते? तुझ्याकडे आहे तशीच आहे की ती. मी नाव घेतलं नाही कुणाचं. लोक रडतात रे ऐकून. तुझ्या आईसाठी रडतात."

"कप्तानाच्या बायकोसाठी रडतात!" मास्तर ओरडले. उभ्या जन्मात ते कुणावर ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज चिरका निघाला. "तिचं ताट खाल्लंस तू. पहिलं ताट तुला वाढायची ती. तुझं नाव तिने ठेवलं. बॅग तू एकदाच मोडलीस, पोपट. माझी आई किती वेळा विकलीस?"

पोपट खुर्चीत बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्या दिवशी बंद दुकानात आलं होतं तसंच. मास्तरांना आता कळेना, तेव्हाचं खरं होतं की आत्ताचं, की दोन्ही खोटी. सगळ्यात जास्त त्यांना तेच लागलं. विश्वासघात झाला की पुढचे दिवस तर नासतातच, पण मागचे सुद्धा नासतात.

गवसणी काखोटीला मारून ते निघून आले. खोकं तिथेच ठेवलं.

डॉक्टरीणबाई बॅग न्यायला आल्या तेव्हा मास्तरांनी उलगडलेलं हँडल आणि ठिपक्यांचं कापड पाटावर मांडून ठेवलं होतं. त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, गोष्ट खरी आहे. बॅग खोटी आहे. हँडल तेवढं त्या गोष्टीतलं आहे."

बाईंनी ते कापड उचलून बघितलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. दातांचा डॉक्टर असला तरी डॉक्टरच, दुखतंय कुठे ते कळतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तो मुलगा मोठा झाला का हो?"

"झाला," मास्तर म्हणाले. "वयाने."

"मग हे हँडल त्याचं. मला नवं करून द्या." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि आता लोकांनी विचारलं तर मी काय गोष्ट सांगू?"

"सांगा, जुनं तुटलं, एकाने नवं शिवून दिलं."

त्या संध्याकाळी मास्तर हँडल आणि कापड घेऊन घरी गेले. जेवण झालं. बायकोने ओटा पुसला आणि बघितलं, तर नवरा टेबलावर एक काळं चामडं आणि एक फाटकी पट्टी मांडून बसलेला. तिला वाटलं, आता पुन्हा आठवडाभर अबोला. ती आत जायला वळली. तेव्हा मास्तर म्हणाले, "बस जरा. एक सांगायचंय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताटांचा आवाज, बसस्टँड, खांब, एक बूट, ॲप्रन, वरची फळी, पंख्याचं खोकं. बायको ऐकत होती. कापडाची पट्टी हातात घेऊन ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होती. सांगून झालं तेव्हा मास्तरांना वाटलं, ही आता पोपटला शिव्या घालेल. त्यांना त्या ऐकायच्या होत्या, अगदी आसुसून ऐकायच्या होत्या.

तिने शिव्या घातल्या नाहीत. ती म्हणाली, "हे मला तेव्हाच सांगितलं असतंत, तर बॅग आपल्या पलंगाखाली असती."

मास्तरांनी मान खाली घातली. पोपटवर ओरडता आलं होतं. इथे ओरडायला काही नव्हतंच.

पोपटचं दुकान चालू आहे, चांगलं चालतं. त्याचा माल आता मास्तरांकडे येत नाही, पण त्याने विकलेल्या बॅगा येतात. कुणाचं कुलूप, कुणाची बिजागरी, कुणाचा पट्टा. त्यांतल्या कुठल्या तरी बॅगेला आईच्या बॅगेचे चार कोपरे आहेत, कुठल्या तरी झाकणाला तिचं ठिगळ आहे, आणि ते शिवणारे हात यांचेच आहेत. कोपरे तर ते तपासतातच. पण हँडल समोर आलं की म्हातारबाबांचा नियम आता त्यांना आवरत नाही. धडधाकट हँडल, कुणी तक्रार केलेली नाही, एक टाका ढिला नाही. मास्तर ते हातात घेतात, फिरवून बघतात, खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. मग रापी घेतात आणि टाके कापतात.

आत दोरी निघते. प्रत्येक वेळी साधी दोरीच निघते. मास्तर ती नीट बघतात, परत घालतात आणि हँडल शिवून टाकतात. बॅग उशिरा मिळते ती त्यामुळे.